जळालेल्या दुनळीची नळी कापल्याबाबत

जबाब देणार: मिस्त्री. कागदोपत्री नाव ओळखपत्रावर आहे, ते लेखनिक हवालदारांनी बघून उतरवून घेतले आहे; त्या नावाने कोणी हाक मारली तर मी स्वतःही वळून बघणार नाही. वय ६३ वर्षे. धंदा: जुन्या बंदुकांची दुरुस्ती व निगा, परवाना चालू आहे. राहणार: दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, बायकोसह.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, शुद्धीवर असताना सांगतो की, आज रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नेमबाजी क्लबच्या मागच्या शेडमध्ये मी एका दुनळी बंदुकीची डावी नळी हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, पूर्ण व उजवी निम्म्याच्या वर कापली. बंदूक माझी नाही. ती दातांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर आठ आठवड्यांपूर्वी वारले. आता ती त्यांच्या मुलीची आहे. मुलगीही दातांचीच डॉक्टर आहे आणि वडिलांचाच दवाखाना चालवते. मी तिला ती सहा वर्षांची असल्यापासून ताई म्हणतो. कापताना तिने पाते धरले व तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला जखम झाली. दोन टाके पडले, असे मला इथे आल्यावर कळले. तक्रारीतला हा सर्व मजकूर खरा आहे. ‘दारूच्या अमलाखाली’ हे शब्द ताईच्या वतीने तक्रार लिहून देणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींनी पदरचे घातले आहेत. मी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही.

साहेबांनी बसून सांगायला सांगितले. मी उभ्यानेच सांगतो. या खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो आहे आणि बसलो तर माझे सगळे लक्ष तिकडेच जाईल.

बंदूक का कापली, असे विचारल्यावरून सांगतो की, ती बंदूक नऊ वर्षांपूर्वी आगीत जळालेली आहे. हे बघून ओळखता येणार नाही. सेक्रेटरींना ओळखता आले नाही. त्यांनी आज सकाळी ती उघडून, नळीतून उजेडाकडे बघून ‘एक नंबर’ म्हटले, ते मी ऐकले आहे. यात त्यांची चूक नाही. ओळखता येऊ नये असेच काम मी केले होते.

साहेबांना समजावे म्हणून सांगतो. पोलादाला पाणी दिलेले असते. त्याच्यावर त्याची ताकद. घर जळते तेव्हा हे पाणी उतरते. नळी वाकत नाही, वितळत नाही, नुसती काळवंडते. घासून, गुळगुळीत करून तिला पुन्हा रंग चढवला की ती जशी होती तशी दिसते, पण आत मऊ झालेली असते. अशा नळीत काडतूस उडवले तर एखादे वेळी काही होत नाही, आणि एखादे वेळी नळी फाटते. फाटली तर बहुधा तिथे, जिथे डावा हात खालून धरतो. माझ्या उस्तादांच्या डाव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होते. ते कसे झाले हे ते सांगत नसत, पण दुकानात एक नियम होता. जळालेली बंदूक मुकी केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायची नाही. मुकी करायची म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या आतल्या दोन्ही पिना काढून टाकायच्या आणि नळीच्या बुडाशी, उघडल्याबरोबर दिसेल अशी, ठोकून खूण करायची. मग ती खुशाल भिंतीवर टांगा. मी चाळीस वर्षे हा नियम पाळला. एकदा पाळला नाही. ती ही बंदूक.

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या घराच्या मागच्या खोलीला दुपारनंतर आग लागली. खोलीत पुस्तके, एक पलंग आणि भिंतीवरच्या बंद कपाटात ही दुनळी एवढेच होते. ताई तेव्हा शिकत होती व त्या खोलीत अभ्यासाला बसत असे. विजेची शेगडी चालू राहिली आणि पडद्याने पेट घेतला. शेगडी चालू ठेवून ताई परीक्षेला निघून गेली होती. माणसांना काही झाले नाही. बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी होती. डॉक्टरांना ती त्यांच्या शिक्षकांनी दिली होती आणि डॉक्टरांना तिच्यापुढे काही सुचत नसे. लोक पाहुण्यांना मुलांचे फोटो दाखवतात, डॉक्टर बंदूक दाखवत. ताई त्यांच्या मांडीवर बसून ती पुसायला शिकली.

आगीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्याकडे आले. बंदूक त्यांनी ओल्या चादरीत गुंडाळून आणली होती. लाकडी दस्ता म्हणजे नुसता कोळसा. दोन नळ्या जोडणारा डाख वितळून वाहून गेला होता. डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, पोरगी कालपासून बोलत नाहीये. जेवत नाहीये. हात मांडीखाली घालून बसलीये. मी तिला जाऊन सांगणार आहे की बंदूक घरात नव्हतीच. महिन्याभरापासून ती तुझ्याकडे आहे.”

मी म्हटले, “डॉक्टर, हे प्रेत आहे.”

ते म्हणाले, “तुझ्याकडे आहे ना? मग आहे. हीच बंदूक पाहिजे, दुसरी नको. ती ओळखेल.”

मी तिथल्या तिथे रजिस्टर उघडले आणि बंदूक महिन्यापूर्वी जमा झाल्याची नोंद केली. एका पानावर दोन ओळींची जागा रिकामी होती. ही नोंद खोटी आहे. साहेबांनी या ठिकाणी मला थांबवून सांगितले की, याने माझा परवाना जाऊ शकतो, विचार करून बोला. मी म्हटले, लिहा.

काम चौदा महिने चालले. नवीन भाग करून बसवणे हे दोन महिन्यांचे काम होते, पण नवा स्क्रू हा नवाच दिसतो. त्याच कारखान्याच्या, त्याच सुमाराच्या दोन मोडक्या बंदुका मी परवानाधारकांकडून रीतसर मिळवल्या. त्या नोंदी खऱ्या आहेत. एकीची नळी गंजून गेली होती, पण कळा, म्हणजे चापाची आतली यंत्रणा, शाबूत होत्या; त्या घेतल्या. दुसरीचा दस्ता अक्रोडाचा, रेषा अगदी जवळची, तो घेतला. अकरा स्क्रूंपैकी नऊ मिळाले. उरलेल्या दोनांसाठी मी पाच महिने थांबलो. बायको त्या दिवसांत म्हणे, “त्या दोन स्क्रूंना घरी आणाल तेव्हा सांगा, मी ओवाळायला उभी राहीन.” सगळे भाग अस्सल मिळाले, फक्त नळी मिळाली नाही. खरे म्हणजे मिळाली होती, पण चालली नसती. नंबर नळीवर असतो. शिवाय उजव्या नळीच्या टोकाशी एक पोचा होता. ताई आठ वर्षांची असताना तिच्या हातून बंदूक पायरीवर पडली होती, त्याचा. बाप-लेक तो पोचा दाखवून एकमेकांना चिडवत. म्हणून नळी तीच ठेवली. साफ केली, पुन्हा डाख दिला, रंग चढवला. पोचा होता तसा ठेवला.

त्या काळात ताई दोनदा दुकानात विचारायला आली. मी सांगितले की कळा उघडून ठेवल्या आहेत, बघण्यासारखे काही नाही. तिने आत डोकावायचा हट्ट केला नाही. “काही घाई नाही काका,” म्हणाली आणि गेली. पोर समजूतदार आहे असे मला तेव्हा वाटले.

बंदूक मुकी का केली नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, डॉक्टरांनी नको म्हटले. ताईला पिना कुठे असतात हे ठाऊक होते. तिने उघडून बघितले असते की सगळे बिंग फुटले असते. डॉक्टरांनी मला शब्द दिला की ते ती कधीही उडवणार नाहीत व कोणाला उडवू देणार नाहीत. खांदा दुखतो असे ते क्लबमध्ये सांगत आले. मीही शब्द दिला की ती जळाली होती हे ताईला कधी सांगणार नाही. हे एक कारण. दुसरेही आहे आणि ते डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही. ज्या दिवशी शेवटचा स्क्रू बसला त्या दिवशी मी रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला आणि कळेचा आवाज आला. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. मी तो पुन्हा ऐकला. बायको जिन्यावरून म्हणाली, “झाली वाटतं.” पिना काढल्या असत्या तर तो आवाज तसा राहिला नसता. मला ती पूर्ण हवी होती. चाळीस वर्षे कानस घासल्यावर एखादे काम असे होते, आणि मी हुरळून गेलो.

डॉक्टर वारल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. बंदूक मागून घ्यावी असे मनात आले, पण त्या घरात त्या दिवशी ते तोंडातून कसे काढणार. नंतर काढू म्हणून राहिलो. गेल्या सोमवारी क्लबची चिठ्ठी आली की, रविवारी सकाळी डॉक्टरांच्या आठवणीत सर्व सभासद जमतील आणि हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्यांवर पहिले दोन बार ताई वडिलांच्या दुनळीने काढेल. सोमवारपासून आजपर्यंत मी एका जागी दहा मिनिटे टिकलेलो नाही. दुकानातल्या सगळ्या कानसी मी धुऊन पुसून पुन्हा लावल्या. दोनदा.

मंगळवारी मी ताईला फोन केला. सांगितले की या बंदुकीला बसणारी काडतुसे आता मिळत नाहीत. ती म्हणाली, सेक्रेटरींनी मिळवली. बुधवारी फोन केला. सांगितले की एक स्प्रिंग बदलायची राहिली आहे, दुकानात आणून टाक. ती म्हणाली, “आठ वर्षं राहिली काका?” आणि हसली. गुरुवारी दवाखान्यात गेलो. बाहेर चार पेशंट बसले होते. ती एका म्हाताऱ्याच्या तोंडात डावी दोन बोटे घालून त्याचा गाल बाजूला धरून काम करत होती. मी ती बोटे बघत उभा राहिलो आणि आल्या पावली परत आलो. शुक्रवारी पुन्हा फोन केला व म्हटले की ती बंदूक उडवू नकोस, माझे ऐक. तिने कारण विचारले. मी म्हटले, कारण विचारू नकोस. मग म्हणाली, “काका, बाबांनी ती तुम्हाला द्यायचं कबूल केलं होतं का? तसं असेल तर सरळ सांगा, मी देईन.” मला इतके लागले की मी फोन ठेवून दिला.

खरे का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द होता. आणि शब्दाचेही सोडा. बंदूक जळाली म्हटले की ती आग आली, आग आली की शेगडी आली. डॉक्टरांनी नऊ वर्षे जे तिच्यापासून दूर ठेवले ते मी डॉक्टर गेल्यावर आठ आठवड्यांत तिच्या पदरात टाकायचे, हे मला जमेना. तिचा हात गेला असता तरी मी जगू शकलो नसतो. दोन्हीकडून माझीच मान अडकली होती. काल बायको म्हणाली, “आता एक घाव दोन तुकडे करा आणि मोकळे व्हा.” तिच्या म्हणण्याचा अर्थ सांगून टाका असा होता, हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. लेखनिक हवालदारांना हसू आले. मलाही आले असते.

आज सकाळी साडेआठला मी क्लबमध्ये पोचलो. पिशवीत हॅकसॉ व दोन जादा पाती होती. तीसेक माणसे आली होती. बंदूक मांडवातल्या टेबलावर ठेवली होती. ताईने वडिलांचे जुने जाकीट घातले होते, बाह्या दुमडून. मला बघून तिने शुक्रवारचे काही काढले नाही, उलट खुर्ची दिली. मी म्हटले, “ताई, एकदा हातात घेऊन बघू का? मागच्या शेडमध्ये व्हाइस आहे, एक स्क्रू आवळून देतो.” तिने दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली. मी तिच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला, असे तक्रारीत आहे. ते बरोबर आहे.

शेडमध्ये मी नळी दस्त्यापासून सोडवली, फडक्यात धरून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि कापायला सुरुवात केली. अर्धा तास तरी लागेल असा माझा अंदाज होता. पाते साबणात उतरावे तसे उतरले. डावी नळी चार मिनिटांत गेली. मी मनात म्हणत होतो की बघा डॉक्टर, बघा किती मऊ आहे. उजवी अर्धी झाली तेव्हा आवाज ऐकून ताई आली. “काका!” एवढेच म्हणाली आणि चालत्या पात्यावर हात घातला. माझा हात लगेच थांबला नाही. बाकी माणसे मागून आली. सेक्रेटरींनी मला धरले, ते गरजेचे नव्हते, मी कुठेही पळत नव्हतो. ताईचे रक्त नळीवर पडले होते. ज्या बोटांसाठी हे सगळे केले त्यातलेच एक मी कापले. माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

माझी विनंती आहे की, हा जबाब ताईला दाखवू नये. शिक्षा असेल ती द्यावी. म्हाताऱ्याचे डोके फिरले, किंवा त्याला बंदूक हवी होती आणि मिळाली नाही म्हणून त्याने मोडली, असे तिला सांगितले तरी माझी हरकत नाही. साहेबांनी सांगितले की असे करता येत नाही. जबाब कागदावर येतो तो सगळा येतो, आणि खाली सही करण्याआधी तो वाचून दाखवावा लागतो. मी म्हटले, मग हळू वाचा.

लेखनिक हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत आहे व त्याला ते काही करू शकत नाहीत. वाचून झाल्यावर पुढील मजकूर माझ्या सांगण्यावरून वाढवला आहे.

वाचन चालू असताना तक्रारदार, म्हणजे ताई, दवाखान्यातून पट्टी बांधून आली होती व दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. हे आम्हाला माहीत नव्हते. शेगडीचा मजकूर आला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. साहेबांनी वाचन थांबवायला सांगितले. ती म्हणाली, “वाचू द्या.” पूर्ण होईपर्यंत ती उभी होती.

मग ती मला म्हणाली, “काका, त्या दिवशी परीक्षेला निघायच्या आधी बंदूक मीच कपाटातून काढून, पुसून परत ठेवली होती. बाबा दवाखान्यात होते, त्यांना माहीत नव्हतं. ती मिस्त्रींकडे आहे, वाचली, असं ते मला सांगायला आले तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं हो. मी म्हटलं, बरं झालं बाबा. मग जेवले. काय करणार?”

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती म्हणाली, “मला नऊ वर्षं माहीत आहे की ती जळाली होती. मी दुकानात यायचे ते काम कुठवर आलं ते बघायला. मला एवढंच माहीत नव्हतं की जळालेली बंदूक उडवायची नसते. मला वाटलं, मिस्त्रीकाकांनी केलीये म्हणजे पक्की केलीये.” आणि पुढे म्हणाली, “फोनवर नुसतं ‘जळालेली आहे, उडवू नकोस’ म्हणाला असतात, तर मी हात लावला नसता. आहे तशी भिंतीवर टांगली असती.”

ती तक्रार मागे घेणार किंवा कसे, हे तिने सांगितलेले नाही, मीही विचारलेले नाही. ती हलत्या पायाच्या खुर्चीवर बसली आहे. बंदुकीचे तुकडे टेबलावर पंचनाम्यासाठी ठेवले आहेत.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो तक्रारदारांनीही ऐकला, व तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त ‘माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता’ हे वाक्य मी माझ्या हाताने खोडले आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे.